आण्णांच्या डोक्यातलं यंत्र

वर्षातून एकदा मी कॉम्प्युटर उघडून साफ करते. बाजूची काच काढली की आत पिवळी धूळ. माझं घर साताऱ्याला. तिथं असता तर चारचौघांच्या घरात निघते तशी राखी धूळ निघाली असती. पण हा कॉम्प्युटर आहे माझ्या माहेरी, कुपवाडला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, आणि दोन प्लॉट सोडून हळद पॉलिश करायचा कारखाना आहे. बारीक ब्रशनं पंख्याची पाती पुसायला लागलं की नाकात हळद जाते, मला चार शिंका येतात आणि दारापाशी खुर्चीत बसलेले आण्णा विचारतात, "लय बसलीय का गं?"

आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना आता दार कुठल्या बाजूला आहे एवढा उजेड कळतो, बाकी काही नाही. तरी मी एकेक भाग सोडवते तसा त्यांच्या हातात देते आणि ते नाव सांगतात. "ही रॅम. हा पुढचा पंखा. मागच्याचा कोपरा टोचतोय, ह्याचा न्हाई टोचत." एकदाही चुकत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या, दोन्ही डोळे शाबूत असलेल्या लोकांना यातलं निम्मंही ओळखता येणार नाही, हे मी पैजेवर सांगते.

आम्ही दोघांनी हा कॉम्प्युटर जोडला त्याला तीन वर्षं झाली. तीनच! पण तो काळ मला फार लांबचा वाटतो, लहानपणाला चिकटून असल्यासारखा. तो आठवायला बसले की मी थेट फ्रॉकमध्ये जाऊन पडते.

फ्रॉकमधली मी रविवारी आण्णांच्या मागं मोपेडवर बसून शेडवर जायची. आण्णा कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात फिटर होते, टूलरूममध्ये. इतर यंत्रांना लागणारी हत्यारं आणि साचे जिथं बनतात ती खोली म्हणजे टूलरूम, आणि तिथल्या माणसांचा तोरा कारखान्यात सगळ्यांपेक्षा वेगळा. रविवारी यंत्रं बंद, दुरुस्तीचं तेवढं काम. शटर वर गेलं की आतून जो वास यायचा तो मला अजून जसाच्या तसा सांगता येतो. रॉकेल, बिडाचा चुरा, यंत्र थंड ठेवायचं आंबलेलं पांढरं कूलंट, आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातलं लसणीचं तिखट. पत्र्यावर कबुतरं चालायची त्यांचा टकटक आवाज. आण्णा मला एका रिकाम्या पिंपावर बसवायचे आणि कानशीनं जॉब, म्हणजे बनत असलेला लोखंडी भाग, घासायला लागायचे. जॉब खडबडीत आहे का मऊ होत आलाय हे मी डोळे मिटून सांगायची. आधी खर्र खर्र, मग सर्र सर्र, आणि अगदी शेवटी नुसता श्वासाएवढा आवाज. तो आला की आण्णा हात थांबवायचे.

खंडेनवमीला तर शेड ओळखू यायची नाही. लेथ धुऊनपुसून लखलखीत, तिच्या गळ्यात झेंडूची माळ, समोर नारळ, ऊद, आणि एरवी शिव्या देणारी माणसं धुतलेले शर्ट घालून हळू आवाजात बोलतायत. आण्णा आपल्या मायक्रोमीटरलाही गंध लावायचे, पण पेटीला. आतल्या वस्तूला बोट लावू द्यायचे नाहीत. "देव झाला म्हणून काय झालं? घाण न्हाई करायची."

आणि रोज घरी निघताना शेवटचं काम ठरलेलं. तेलाचं फडकं घ्यायचं आणि दिवसभरात झालेल्या प्रत्येक जॉबवरून फिरवायचं. उघडा ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस डाग दिसतो, आणि तो डाग म्हणजे करणाऱ्याच्या तोंडाला काळं. कितीही उशीर होऊ दे, तेल लावल्याशिवाय त्यांनी शटर ओढलेलं मी पाहिलं नाही.

या आण्णांच्या डोक्यात एक यंत्र होतं.

हळदीचा कंद जमिनीतून निघतो तेव्हा मधे जाडजूड गड्डा असतो आणि त्याला चहूबाजूंनी हळकुंडं फुटलेली असतात. ती हातानं मोडून वेगळी करावी लागतात. हे बायकांचं काम. माझी आईसुद्धा हंगामात दुसऱ्यांच्या शिवारात हळद मोडायला जायची. आण्णांच्या डोक्यातलं यंत्र हे काम करणार होतं. दोन दातेरी रूळ, खाली चाळणी. वरून कंद ओतायचे, एका तोंडातून गड्डे पडणार, दुसऱ्यातून हळकुंडं. कॅलेंडरच्या पाठीवर, शेडच्या फरशीवर खडूनं, वाफाळलेल्या काचेवर बोटानं, कुठं कुठं म्हणून ते यंत्र मी पाहिलं. शेडवरची माणसं चेष्टा करायची.

"काय गड्या, यंत्र कुठवर आलं?"

"फिरतंय की."

"कुठं फिरतंय?"

"हितं," म्हणून आण्णा कपाळाला बोट लावायचे. सगळे हसायचे, आण्णाही हसायचे. आई म्हणायची, "डोक्यातलं यंत्र बरं बाई. त्याला लाईट लागत न्हाई." ते प्रत्यक्षात का आलं नाही याची कारणं मी सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना ती पाठ असतील.

मग मी कराडला शिकले, शिरवळला नोकरी लागली, लग्न होऊन साताऱ्याला गेले. शिरवळच्या कंपनीत मी दिवसभर कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग काढते. आण्णा निवृत्त झाले. आणि एका दिवाळीत त्यांनी मोपेड फाटकाच्या खांबाला धडकवली. वर खांबालाच शिव्या दिल्या. पुढच्या आठवड्यात परत तोच खांब. तेव्हा मी त्यांना धरून मिरजेला डॉक्टरांकडं नेलं.

काचबिंदू होता. यात नजर कडेकडेनं जात येते. कागदाची पुंगळी करून डोळ्याला लावावी तसं फक्त मधलं दिसत राहतं, आणि पुंगळी दिवसेंदिवस बारीक होते. "गेली ती परत येणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उरलीय ती थेंब घालून जमेल तेवढी धरून ठेवू. वर्ष म्हणा, थोडं जास्त म्हणा."

परत येताना रिक्षा घराच्या वळणावर आल्यावर आण्णा म्हणाले, "मला ते यंत्र फिरताना बघायचं हुतं."

त्यांचं ते 'हुतं' मला सहन झालं नाही. मी तिथंच, रिक्षात, सांगून टाकलं, "बघाल. मी दाखवते. लोखंडाचं नाही जमणार, पण पडद्यावर दाखवते. प्रत्येक दाता फिरताना दाखवते." बोलायला माझं काय जातंय!

बोलून बसले आणि अडकले. रूळ काढणं, चाळणी काढणं हे माझं रोजचं काम. पण त्यात हळद ओतायची म्हणजे प्रत्येक कंद कुठं पडला, कशावर आदळला, कुठं मोडला याचा हिशोब कॉम्प्युटरनं क्षणाक्षणाला करायचा. माझ्या लॅपटॉपवर मी पन्नास कंद सोडले. तो तापला, घरघरला आणि मान टाकून बंद पडला. आण्णा म्हणाले, "पन्नास? हळद काय मोजून येती व्हय? पाट्या भरून येती." कंपनीच्या कॉम्प्युटरवर घरचं काम करायला बंदी. म्हणजे आपला स्वतःचा, दांडगा कॉम्प्युटर हवा.

सांगलीत एका दुकानात तयार कॉम्प्युटर बघायला गेलो. आण्णांनी त्या चकचकीत डब्यावर टिचकी मारली आणि विचारलं, "आत काय काय हाय?" दुकानदार म्हणाला, "काका, एकदम टॉपचा माल आहे." आण्णांनी परत विचारलं. त्याला सांगता येईना, उघडून दाखवायलाही तयार नाही. आण्णा बाहेर आले. "जे उघडून दावत न्हाईत ते घ्यायचं न्हाई. आपुन एकेक भाग बघून आणू."

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांना मी माझे सगळ्यात सुखाचे दिवस म्हणते. घरात डोळ्यांचं एवढं दुखणं असताना सुख कसलं, असं कुणी विचारेल. पण होतं खरं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही भाग गोळा करत होतो, रुखवत जमवावं तसं. मदरबोर्ड पुण्याहून एसटीच्या पार्सलनं आला, त्याच्यावर कुणीतरी भाजीचं पोतं ठेवलं होतं आणि खोक्याला मेथीचा वास लागलेला. एका बाजूला काच असलेली पत्र्याची पेटी कोल्हापूरहून, मांडीवर घेऊन. ग्राफिक्स कार्ड नवं परवडण्यातलं नव्हतं. ते कराडला कॉलेजात शिकवणाऱ्या एका बाईंकडून वापरलेलं घेतलं. बाईंना गेम खेळायचा भारी नाद. "बाळ झालं हो," त्या काखेतल्या लेकराकडं बघून म्हणाल्या, "आता हाच माझा गेम." कार्ड देताना त्यांनी त्यावरून एकदा हात फिरवला. ते आण्णांना फार आवडलं. वाटेत म्हणाले, "नीट वापरलेलं असणार."

संक्रांतीच्या आठवड्यात मी रजा काढून कुपवाडला आले. मधल्या खोलीत टेबलावर धुतलेली चादर पसरली आणि खोकी उघडली. नव्या प्लास्टिकचा, नव्या धातूचा वास घरभर झाला. आई तिळाच्या वड्या थापता थापता डोकावून म्हणाली, "काय गं बाई थाट, बारसं हाय जणू."

पंख्याखाली बसतो तो कूलर म्हणजे तांब्याचा तळ असलेला जड ठोकळा. प्रोसेसर तापतो, त्याची उष्णता ओढून घ्यायचं काम त्याचं. आण्णांनी त्याच्या तळावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "मधी खळगा हाय."

"आण्णा, कंपनीचं आहे ते."

"कंपनीत माणसंच असत्यात."

मी हसून सोडून दिलं. प्रोसेसर सगळ्यात शेवटी काढला. बिस्किटाएवढा चौकोन. वरून चांदीसारखं झाकण, उलटा केला की खाली सोन्याचे बारीक ठिपके, हजाराच्या वर, ओळीनं बसवलेले. आण्णांनी तो पार नाकापाशी नेला. पुंगळीतून मधलं तेवढं त्यांना अजून स्वच्छ दिसायचं.

"आत काय हाय?"

"स्विच आहेत. अब्जावधी."

"किती बारीक?"

मला त्यांच्या भाषेत सांगावं लागलं. "तुम्ही केसाचा दहावा भाग धरायचा ना?"

"व्हय. तेवढं साधलं की सायेब पाठ थोपटायचा."

"त्या दहाव्या भागाचे हजार भाग करा. त्यातला एक."

आण्णांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हातचं काम न्हवं हे."

"नाही. यंत्र करतं."

"ते यंत्र कुणी केलं?"

"दुसऱ्या यंत्रानं."

"आन ते?"

"आण्णा, मला काय माहीत!"

"म्हंजे खाली खाली जात गेलं की कुठंतरी एक फिटर असणारच," ते म्हणाले. "हातात कानस घेऊन बसलेला." आणि त्यांनी तो चौकोन दोन्ही तळव्यांवर धरला. देवळात तीर्थ घेतानाही मी त्यांना इतकं सांभाळून हात पुढं करताना पाहिलं नव्हतं. मी रोज या असल्या यंत्रांपुढं बसते, त्यांना शिव्या घालते, त्यांच्यावर चहा सांडते. ही वस्तू माणसाच्या हातून झाली याचं मला त्या दिवसापर्यंत कधी नवल वाटलं नव्हतं. लाजच वाटली मला.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट तेवढी आणायची राहिली होती. "कशाला हात लावू नका," एवढं सांगून मी सांगलीला गेले. दोन तासांत परत आले. टेबलावर सगळं ओळीनं मांडलेलं, पुसलेलं, चकाकणारं. आण्णा प्रसन्न बसलेले आणि त्यांच्या हातात फडकं.

वास आला. यंत्राचं तेल.

"सगळ्यास्नी हात फिरवून ठिवलाय," आण्णा म्हणाले. "इतकं नाजूक काम, आन तसंच उघडं टाकून गेलीस व्हय? एका दिसात डाग पडंल."

सोन्याच्या ठिपक्यांवर तेल. रॅमच्या दातांवर तेल. कराडच्या बाईंच्या कार्डावर तेल. वीज जिथून जायची त्या प्रत्येक जागेवर माझ्या बापानं चाळीस वर्षांच्या इमानानं तेल लावून ठेवलं होतं. आता मला हे आठवलं की हसू येतं आणि रडू येतं. तेव्हा फक्त राग आला. मी ओरडले, "दिसत नाही तर हात कशाला लावता!"

तोंडातून गेलं ते गेलं. आण्णा उठले. फडक्याची नीट घडी घालून टेबलाच्या कडेला ठेवली आणि भिंत चाचपत बाहेर गेले. त्या दिवसापर्यंत ते स्वतःच्या घरात कधी भिंत धरून चालले नव्हते.

तीन दिवस ते त्या खोलीत आले नाहीत. अंगणात बसायचे, जेवायला हाक मारली की यायचे, जेवून परत अंगणात. मी माप विचारलं तर म्हणायचे, "मला काय आठवत न्हाई." सगळं यंत्र त्यांच्या डोक्यात. ते बोलले नाहीत तर मी काढणार काय आणि त्यांना दाखवणार काय? आणि पुंगळी तर माझ्यासाठी थांबणार नव्हती. आई आमच्या दोघांवर वैतागली. "तुझ्या जिभंला हाड न्हाई, आन त्यांच्या हाताला दम न्हाई. मी कुणाकुणाला बघू?" माफी मागणं हे आमच्या घराण्यात कुणाला येत नाही. भांडण झालं की आम्ही काम काढून बसतो. मी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून स्पिरिट आणलं आणि कापसाच्या काड्यांनी एकेक ठिपका पुसत बसले. रॅमचे दात खोडरबरानं घासले. पुसता पुसता एक गोष्ट लक्षात आली. तेलातून एकही ठिपका सुटला नव्हता. कुठं थेंब नाही, ओघळ नाही, सगळीकडं कांद्याच्या पापुद्र्याएवढा सारखा थर. नजर जात चाललेल्या माणसानं तो दिला होता. मी काडी बदलली आणि पुढचा ठिपका घेतला.

चौथ्या दिवशी जोडणी केली, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला. आईनं टाळी वाजवली. आण्णा अंगणातून हलले नाहीत. पण सुरू होणं वेगळं आणि राबणं वेगळं. लॅपटॉपवरचं कच्चं यंत्र घालून पडद्यावर हळद ओतून बघितली तशी प्रोसेसरची उष्णता चढत गेली. ऐंशी अंश, नव्वद, पंच्याण्णव. तापला की तो स्वतःला वाचवायला काम मंद करतो, आणि पडद्यावरची हळद हवेत लोंबकळत राहिली. कूलर काढला, परत बसवला, पेस्ट परत लावली. तेच. तिसऱ्यांदा काढला तेव्हा नीट पाहिलं. कडेची पेस्ट दाबून पार बाहेर आलेली आणि मधे मात्र जाड डबकं. तिथं धातूला धातू टेकतच नव्हता.

मी तो ठोकळा घेऊन अंगणात गेले आणि आण्णांच्या मांडीवर ठेवला.

"खळगा आहे," मी म्हटलं. "आण्णा, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा त्यांना म्हटलं असेन. त्यांनी बोट तळावरून फिरवलं. कडेपासून मधे, मधून कडेला.

"आरसा आण," ते म्हणाले. "जाड बघून आण. काच सपाट असती."

आईच्या कपाटाचा आरसा निघाला. "आवं, माझ्या लग्नातलं कपाट हाय ते!" असं ती म्हणेपर्यंत तो टेबलावर आडवा झालाही होता. त्यावर ओला पॉलिशपेपर, त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब, आणि आण्णांनी तांब्याचा तळ त्यावर ठेवून हात फिरवायला सुरुवात केली, आठाच्या आकड्यात. डोळे मिटून घेतले होते. खर्र खर्र. मी समोर उभी होते. माझं वय, माझी नोकरी, साताऱ्याचं घर, सगळं कुठल्या कुठं गेलं. मी पिंपावर बसलेली होते आणि पत्र्यावर कबुतरं चालत होती. पेपर बदलला, अजून बारीक. सर्र सर्र. मधेच ते थांबायचे, तळ पुसायचे, बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "ह्या कोपऱ्याला अजून जरा हाय." मी वाकून वाकून पाहायची, मला काही दिसायचं नाही. ते त्या कोपऱ्यावर थोडा भार द्यायचे. दीड तास असा गेला. शेवटचा पेपर, आणि तो श्वासाएवढा आवाज आला. आण्णांनी हात थांबवला.

तांब्यात माझं तोंड दिसत होतं.

कूलर बसवला आणि हळद ओतली. आण्णा माझ्या मागं उभे, दर मिनिटाला "किती?" बहात्तर. "किती?" सत्त्याहत्तर. "किती?" अजून सत्त्याहत्तरच. आकडा तिथं जो थांबला तो थांबलाच, आणि पंखा एका लयीत फिरत राहिला. मी उड्या मारल्या. आण्णा म्हणाले, "आता ह्याला तेल लावायचं का?" आणि आम्ही तिघंही खो खो हसलो.

पुढचे दोन महिने दर शनिवारी मी साताऱ्याहून संध्याकाळच्या गाडीनं यायची आणि आण्णा बोलायला लागायचे. माप आकड्यात क्वचित सांगायचे. दोन तळवे समोर धरायचे, "एवढं," आणि मी त्या फटीत पट्टी घालायची. रुळाला किती दाते, दाता किती तिरका, चाळणी किती हलणार. आईनं शिवारातून एक पोतं ओली हळद आणली. तिचे कंद आम्ही मोजले, वजन केले. हळकुंड गड्ड्यापासून ओढून तोडायला किती जोर लागतो, ते आण्णांनी सांगितलं तसं मी काट्याला लटकवून मोजलं. माझी नखं पिवळी झाली. ऑफिसात विचारलं तर मी सांगायची, घरी लग्न आहे. मधे मिरजेला गेलो, डॉक्टरबाईंनी तपासलं आणि नुसतं म्हणाल्या, "जे करताय ते लवकर करा." आण्णांना आता ताटातली भाकरी दिसायची, पण वाटी शोधावी लागायची.

फाल्गुनातल्या एका रविवारी दुपारी यंत्र पुरं झालं. शेजारून मागून आणलेला भलामोठा टीव्ही पडदा म्हणून लावला. खिडकीवर चादर टांगली. आई सूप घेऊन हळद मोडत जमिनीवर बसली, तिला रिकामं बसवत नाही. मी बटण दाबलं.

पेटीतले सगळे पंखे एकदम जोरात फिरले. पडद्यावर रूळ फिरायला लागले, समोरासमोर, दात्यात दाता, आणि वरून हळद पडली. पन्नास कंद नाहीत. हजारो. प्रत्येक वेगळा, प्रत्येक आपापल्या वजनानं आदळणारा, घरंगळणारा, दुसऱ्याला ढकलणारा. मी ते स्वतः बनवलं होतं तरी मीच आ वासून बघत राहिले. तीस वर्षं एका माणसाच्या कपाळामागं फिरत असलेली वस्तू आमच्या मधल्या खोलीत फिरत होती.

आण्णा पडद्याच्या अगदी जवळ होते. जवळून त्यांना फक्त एक दाता दिसत होता. ते एक पाऊल मागं सरकले. मग अजून एक. जितकं लांब तितकं पुंगळीत जास्त मावणार. टेबल ओलांडलं, आईला वळसा घातला, आणि पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन पाठ चौकटीला टेकली तेव्हा थांबले. "आता सगळं दिसतंय," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, पुसताना काही बघायचं राहून जाईल म्हणून असेल.

"परत लाव." मी परत लावलं. "परत." परत लावलं. चौथ्यांदा म्हणाले, "सावकाश लाव." मी वेग कमी केला. आणि मग, "थांब."

मी थांबवलं.

"हळकुंड बघ. मधनंच तुटतंय. बुडखा गड्ड्यालाच ऱ्हातोय."

मी पाहिलं. खरंच. एकही हळकुंड मुळापासून सुटत नव्हतं. दाते ते ओढत होते, आणि ते मधेच तुटून अर्धं गड्ड्यावर राहत होतं. खालच्या तोंडातून सगळे तुकडेच पडत होते. या माणसाची नजर जाण्याआधी मी त्याला त्याचं स्वप्न दाखवायला निघाले होते, आणि दाखवलं काय, तर ते चालत नाही हे! मी घाईघाईनं म्हटलं, "आण्णा, माझंच काहीतरी चुकलं असणार. जोराचे आकडे चुकीचे भरले असतील. कॉम्प्युटरला काय कळतंय!"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "ते खरं बोलतंय. माझंच चुकलंय." आणि चौकटीला टेकूनच ते हसायला लागले. खोटं नाही, पोटातून. "तीस वर्सं गं! तीस वर्सं मी ओढून तोडत बसलोय. बरं झालं दिसलं. न्हाईतर हेच बरुबर समजून गेलो असतो."

"ओढून कुठं निघतंय हळकुंड?" खालून आवाज आला. आई. तिनं हातातलं काम थांबवलंही नव्हतं. "बगलंत अंगठा दाबून मुरगाळायचं असतंय. ओढलं की तुटतंयच."

आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. एक शिकलेली इंजिनिअर आणि एक टूलरूमचा फिटर.

"मग बोलली का न्हाईस?" आण्णा म्हणाले.

"तुमी कवा इचारलं मला?"

आई मोडतच होती. जन्मभर ती हे काम करत आली, शिवारात, या घरात, या माणसासमोर. त्याच कामाचं यंत्र त्यानं जन्मभर डोक्यात फिरवलं, आणि मी दोन महिने तेच पडद्यावर काढत बसले. तिच्या अंगठ्याकडं बघायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

आण्णा उंबऱ्यावरून निघाले. लांबून दिसणारा तो सगळा पडदा सोडून, टेबलाला हात लावत लावत पुढं आले आणि पडद्याकडं पाठ करून आईच्या समोर जमिनीवर बसले. तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन पार नाकापाशी आणला.

"मोड आता," ते म्हणाले. "सावकाश. दिसतंय मला."